उंबऱ्यापलीकडची रांगोळी

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरापासून भाजी मंडईपर्यंत जाताना विजेचे खांब किती लागतात? नालीवरची झाकणं किती? हापसा कोणत्या वळणावर आहे? नाही ना चटकन सांगता येत! रोज दोनदा आपण तिथून जातो, पण या वस्तू आपल्याला दिसतच नाहीत. झाकण फुटून कुणाचा पाय मुरगळला किंवा खांबावरची तार तुटली की मगच त्या दिसतात. फडताळातल्या डब्यावरची धूळ आपल्या नजरेतून सुटत नाही, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तीच नजर कुठे जाते कोण जाणे!

जगात काही माणसांनी नेमक्या अशाच वस्तू हेरल्या आणि त्यांना नटवलं. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात माग्दा सायेग नावाच्या बाईंचं एक छोटं दुकान होतं. २००५ साली त्यांनी दुकानाच्या दाराच्या मुठीला लोकरीचं विणलेलं आवरण घातलं. झालं! येणारी-जाणारी माणसं थांबून त्याला हात लावून बघायला लागली. मग त्यांनी रस्त्यावरच्या पाटीच्या खांबालाही बाळाला मोजा घालावा तसं विणकाम चढवलं. बघता बघता हे वेड देशोदेशी पसरलं. झाडांची खोडं, बाकडी, कठडे, सायकली अशा कशालाही बायका रंगीत लोकरीचे कपडे शिवू लागल्या. २०११ पासून तर ११ जून हा दिवस त्यासाठी पाळला जातो. लंडनमध्ये बेन विल्सन नावाचे एक चित्रकार आहेत. लोक च्युइंगगम चघळून फुटपाथवर थुंकतात आणि तो पायाखाली चेपून वाळतो. हे गृहस्थ रस्त्यावर आडवे पडून त्या रुपयाएवढ्या काळ्या ठिपक्यावर बारीक कुंचल्याने चित्र काढतात. कुणी जवळ येऊन खाली वाकलं, तरच ते चित्र दिसतं.

हे सगळं वाचलं तेव्हा कौतुक तर वाटलंच, पण जरा हसूही आलं. म्हटलं, रस्त्यावर बसून, दुपारपर्यंत पुसली जाणार हे माहीत असताना जीव ओतून नक्षी काढायची, हे काम आपल्याकडे रोज सकाळी साडेसहाला होतं की! त्याचा फोटो कुणी काढत नाही आणि करणारीला कुणी कलाकार म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

धुळीचं चित्र

आपल्या रांगोळीचं वय मोठं आहे. संस्कृतातली ‘रंगावली’ म्हणजे आपली रांगोळी. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत तांदळाने आणि फुलांनी जमिनीवर नक्षी भरण्याची कला आहे. आपल्याला जास्त जवळची गोष्ट पुढेच आहे. उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीत बसवकल्याण लागतं. चालुक्य राजांची कल्याणी ती हीच. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा ग्रंथ रचला. स्वयंपाकापासून हत्तींपर्यंत सगळे विषय त्यात आहेत. चित्रांचे प्रकार सांगताना त्याने ‘धूलिचित्र’ असा एक प्रकार सांगितला आहे, म्हणजे कोरड्या रंगीत पुडीने काढलेलं चित्र. आपला मुलूख तेव्हा याच चालुक्यांच्या राज्यात होता. म्हणजे आपण सकाळी चिमटीत जे धरतो, त्याची नोंद नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारीच झालेली आहे. शाळेत असताना आपल्याला हे कुणी सांगितलं होतं का?

सामान तरी काय लागतं? शिरगोळ्याच्या दगडाची पांढरी पूड. कोकणात भाताचं तूस जाळून राख करतात, दक्षिणेत तांदळाचं पीठ वापरतात. बाकी हळद, कुंकू, गेरू, विटेचा चुरा, कोळशाची भुकटी. माझ्या लहानपणी रंगाच्या पुड्या दिवाळीपुरत्या मिळायच्या. एरवी पांढरं आणि वर हळदी-कुंकवाचं बोट, एवढ्यावर भागायचं. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे तर गणितच. एकवीस ते अकरा ठिपके मांडायचे आणि एकही न चुकवता जोडायचे. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला ते तोंडपाठ असायचं. चैत्रात अंगणात चैत्रांगण, चातुर्मासात गोपद्मं, मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीची पावलं. आता पाच बोटांतून रांगोळी सोडत काढायची संस्कार भारतीची पद्धतही घरोघर आली आहे.

आणि आपल्या भागातली एक गोष्ट तर इतरांना सांगूनही खरी वाटत नाही. दुष्काळात सडा घालायला पाणी नसतं. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आठवा. तांब्याभर पाणीसुद्धा जमिनीवर ओतायला हात धजत नव्हता. तरी बायका कोरड्या फुफाट्यावर हाताने जागा सारखी करून चार रेघा ओढायच्याच.

भूकंपाचंही असंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर, किल्लारी भागातली गावंच्या गावं पडली. पुढे पुनर्वसनाची पक्की घरं झाली, ओळीने आणि सगळी एकसारखी. आमच्या नात्यातल्या एक आजी सांगायच्या, “सगळी घरं सारखीच, माय. लेकरं साळंतून आली की चुकायची. मग मी दारात रोज मोरच काढायची. मोराचं घर आपलं!” त्या मोरामुळे एका लेकराला आपलं घर परत ओळखता आलं.

रांगोळी पुसली जाते म्हणून कुणी हळहळत नाही, हेही बघा. आषाढीला शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून, कळंब, धाराशिव, तुळजापूर या वाटेने पुढे सोलापूरकडे जाते. ती यायच्या आधी बायका रस्त्यावर रांगोळ्या घालतात. त्या कशासाठी? वारकऱ्यांच्या पायांनी पुसल्या जाव्यात म्हणूनच ना! सोलापूरला संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या घालतात. पुण्यात अनंत चतुर्दशीला मानाच्या गणपतींपुढे लक्ष्मी रस्त्यावर तशाच घालतात. रात्र-रात्र जागून काढायचं आणि मिनिटभरात पुसू द्यायचं. ही रीत आपल्या बायकांच्या अंगवळणी पडलेली आहे.

पण एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. ही सगळी नक्षी एक तर आपल्या दारापुढे, नाहीतर देवाच्या वाटेवर. दोन दारांच्या मधली जागा, नाली, खांब, कोपरा, हापसा, यांच्या वाट्याला काय येतं? आपल्या दारातून झाडून पुढे लोटलेला केर!

हापसा कुणाच्या घरचा?

आमचं गाव तालुक्याचं. ना धड शहर, ना धड खेडं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हापसा आहे. २०१८ ला पाऊस दगा देऊन गेला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात सगळा मराठवाडा टँकरवर आला. त्या चार महिन्यांत या हापशाने आमच्या गल्लीला तारलं. पहाटे चारपासून घागरींची रांग लागायची. मग पाऊस झाला, नळाला पाणी आलं आणि हापसा सगळ्यांच्या डोक्यातून गेला. त्याच्या ओट्यावर शेवाळ चढलं, भोवती चिखल झाला, गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या साठल्या. कुणीतरी त्याच्या दांडीला म्हैस बांधायला लागलं.

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याला होते. दिवाळीच्या आधीच्या बैठकीत रांगोळी स्पर्धेचा विषय निघाला. दरवर्षीचंच ते, आपापल्या दारात काढायची, परीक्षकांनी फिरून बघायचं आणि स्टीलचा डबा बक्षीस द्यायचा. मी म्हटलं, “यंदा दारातली नको. गल्लीत जे कुणाचंच नाही, तिथं काढू या.” आधी सगळ्या हसल्या. “नालीवर रांगोळी? लोक काय म्हणतील?” पण हापशाचं नाव निघालं तशी चर्चा थांबली. त्या उन्हाळ्याची आठवण सगळ्यांनाच होती.

वसुबारसेच्या सकाळी आम्ही नऊजणी झाडू, खराटे घेऊन गेलो. आधी दोन तास नुसतं घासणं. ओट्याचं सिमेंट कितीतरी दिवसांनी दिसलं. खांबाला खालून हातभर गेरू दिला, वर चुन्याची बोटं ओढली. रस्त्याने जाणारी माणसं विचारत होती, “हे काय करायलाव, ताई? इथं देव बसवायलाव का?”

आमच्यात एक वैनी होत्या. त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी गेले. कसे गेले ते इथे लिहीत नाही, आपल्या जिल्ह्यात ते वेगळं सांगावं लागत नाही. पूर्वी गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची रांगोळी यांच्याच हातची असायची. मालक गेले आणि दारातली रांगोळी सुटली. कुणी तोंडावर मनाई केली नव्हती. सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “आता तू कशाला, धाकटी काढील की.” बस्स. एवढ्या एका वाक्यावर वैनींचा रांगोळीचा डबा माळ्यावर गेला होता.

त्या दिवशी त्या नुसत्या घासायला म्हणून आल्या होत्या. घासून झालं, ओटा वाळला आणि आम्ही आपसात ‘तू काढ, तू काढ’ करत उभ्या होतो. त्यांनी पदर खोचला आणि बसल्या. म्हणाल्या, “हापसा काय कुणाच्या घरचा हाय? हितं मला कोण काय म्हणतंय?” आणि एकवीस ते अकरा ठिपके सुरू केले. हात जराही अडला नाही.

रांगोळी झाली. रिवाजाप्रमाणे कुणीतरी हळदी-कुंकवाचा करंडा पुढे केला आणि तिथे मात्र वैनी थांबल्या. दोन मिनिटं कुणालाच काही सुचेना. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत वयस्कर आजी, ज्या आतापर्यंत कट्ट्यावर बसून नुसत्या बघत होत्या, त्या खेकसल्या, “टाक गं तूच! हापशाला सवाशिणीसाठी येगळं पाणी येतंय का?”

वैनींनी कुंकू टाकलं. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. एकीने चहा आणला आणि तो आम्ही तिथेच उभ्याने प्यायलो.

मला त्या दिवशी एक गोष्ट उमगली. दार म्हटलं की तिथे घराचे नियम येतात. कोण सून, कोण सवाशीण, कुणाचा मान, कुणाला सुतक. हापशाला दार नाही, म्हणून त्याला नियमही नाहीत. जी जागा कुणाचीच नाही असं आपण म्हणतो, ती खरं तर सगळ्यांची असते. ज्यांना घराने एक पाऊल मागे ढकललं, त्यांची तर जास्तच.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांना अपमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ती बातमी आम्ही गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचली. ठराव हवेतच, त्यांच्यामुळे बोलायला बळ येतं. पण ठराव आपल्या गल्लीत उतरतो तो अशाच एखाद्या सकाळी, एखाद्या खेकसणाऱ्या आजीमुळे. त्या वर्षीच्या दिवाळीत वैनींच्या धाकट्या जावेने त्यांना म्हटलं, “ताई, आपल्या दारात पण तीच काढा ना, हापशावरची.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे न बोलणं म्हणजे पुष्कळ झालं.

कोपऱ्याने शिकवलेला धडा

हापशाचं झालं म्हणून आमचा उत्साह वाढला. बाजाराच्या बाजूला एक कोपरा आहे, गल्लीचा अधिकृत उकिरडा म्हणा ना! पुण्यासारख्या मोठ्या शहरांत सफाई कामगार बायका कचऱ्याच्या जागा साफ करून तिथे रांगोळी काढतात, म्हणजे लोक पुन्हा कचरा टाकायला कचरतात, हे आम्ही ऐकलं होतं. आम्हीही केलं. मोठी गालिचा रांगोळी, मध्ये कमळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर कमळावर कोबीची पानं आणि फुटकी चप्पल!

पुन्हा साफ केलं, पुन्हा काढली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आमची गल्ली झाडणाऱ्या मावशी जवळ येऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस त्या लांबूनच बघत होत्या. म्हणाल्या, “ताई, रांगोळी चांगली हाय. पण घंटागाडी येती सकाळी सातला. तवा निम्म्या बाया रानात नाहीतर कामावर गेलेल्या असतात, बाकीच्यांचं नळाचं पाणी चालू असतंय. मग त्यांनी कचरा टाकावा कुठं? आन् एक सांगू का, तुमच्या गटातल्या बाया पण हितंच टाकतेत. मी रोज बघते.”

सगळ्या गप्प. मावशी रोज ज्या जागेवर वाकतात, तिथे आम्ही तीन दिवस वाकलो होतो आणि त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. मग मात्र आम्ही कामाला लागलो. वीसेक घरांत फिरून गाडीची कोणती वेळ सोयीची ते विचारलं, अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दोन-तीन हेलपाटे झाले, पण गाडी संध्याकाळीही यायला लागली. कोपऱ्यावरचा ढीग उतरला. आता तिथे रांगोळी टिकते. सणासुदीला मावशींना आधी विचारून, त्यांचं झाडणं झालं की मगच आम्ही बसतो. गेल्या खेपेला कमळाची एक पाकळी मावशींनी भरली.

तेव्हा रांगोळीने कचरा थांबला, असं मी म्हणणार नाही. घंटागाडीच्या वेळेने थांबला. पण आम्ही रांगोळीसाठी तिथे बसलोच नसतो, तर ही वेळेची अडचण आम्हाला कळली तरी असती का? चालता चालता नाकाला पदर लावणारी बाई नुसता वास घेऊन जाते. खाली बसलेल्या बाईला तो वास कुठून येतो ते दिसतं.

झाकायचं नाही, दाखवायचं

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. सजावटीने घाण झाकायची सवय आपल्याला फार लवकर लागते. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं, तेव्हा कितीतरी गावं खरोखर बदलली. पण काही ठिकाणी समिती येणार म्हटलं की आदल्या रात्री रस्ताभर रांगोळ्या पडायच्या आणि समितीची जीप गेली की मागे पुन्हा धूळ. ज्या नालीला उतारच नाही, तिच्या झाकणावर कितीही सुंदर मोर काढला तरी पहिल्या पावसात पाणी घरात येणार ते येणारच. असा मोर आपली आणि गावाची दोघांचीही फसवणूक करतो.

याच्या उलट बंगळुरूचं उदाहरण बघा. तिथल्या सुलतानपाळ्या भागात रस्त्याला एक मोठा खड्डा पडला होता आणि त्यात पाणी साचलं होतं. जून २०१५ मध्ये बादल नंजुंडस्वामी या कलाकाराने त्या पाण्यात खरीखुरी वाटावी अशी मोठी मगर तयार करून ठेवली. लोक जमले, फोटो निघाले, वर्तमानपत्रांत छापून आले आणि खड्डा दुरुस्त झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांनीच एका माणसाला अंतराळवीराचा पोशाख घालून खड्ड्यांच्या रस्त्यावर चालवलं आणि चंद्रावर चालतोय असं चित्रीकरण केलं. सगळ्या देशाने ते पाहिलं. खड्डा त्यांनी झाकला नाही, उलट सगळ्यांना बघायला लावला.

आपण रांगोळीनेही हे करू शकतो. आमच्या शाळेच्या वाटेवर नालीचं एक झाकण मधोमध तडकलं होतं. आम्ही त्याच्या चहूबाजूंनी लाल-पांढरी ठसठशीत किनार काढली आणि बाजूला ‘जपून, लेकरांनो’ असं रांगोळीने लिहिलं. आठवडाभर रोज सकाळी ती किनार नव्याने काढली. बघणाऱ्यांना रोज तेच दिसायला लागलं आणि रोज कुणी ना कुणी त्याबद्दल बोलायला लागलं. शेवटी झाकण बदललं. रांगोळी पुसली जाते, हा तिचा दोष समजतात. इथे तोच तिचा गुण ठरला. तैलरंगाने एकदा लिहिलं असतं तर चार दिवसांत तेही कुणाच्या नजरेला पडेनासं झालं असतं.

करणार असाल तर

तुमच्या गल्लीत असं काही करावंसं वाटलं, तर आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे विजेची. डीपी आणि तिच्या कुंपणाच्या आसपासही जायचं नाही. खांबाजवळही पावसाळ्यात, ओल असताना नको. तारेला, पेटीला हात लावायचा प्रश्नच नाही. लेकरं सोबत असतील तर आधी हे त्यांना बजावा.

दुसरी, वाहतुकीची. गाड्या धावतात त्या रस्त्यावर आणि वळणावर बसू नका. गुळगुळीत फरशीवर, उतारावर आणि पायऱ्यांवर जाड रांगोळी घातली की पाय घसरतो. म्हाताऱ्या माणसांची चालायची वाट मोकळी ठेवा.

तिसरी, रंगाची. हापशाच्या, आडाच्या ओट्यावर हळद, गेरू, चुना, तांदळाचं पीठ एवढंच वापरा. भडक रंगांच्या पुड्या पाण्यात उतरतात. पिठाची रांगोळी मुंग्या आणि चिमण्या खातात, ते बरंच आहे. तैलरंगाने सरकारी भिंत किंवा खांब रंगवायचा असेल तर लेखी परवानगी घ्या. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे.

चौथी गोष्ट माझ्या अगदी जिव्हाळ्याची. जुन्या दगडाला आणि विटेला रंग लावायचा नाही. नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले, धाराशिवची लेणी, तेरचं विटांचं प्राचीन त्रिविक्रम मंदिर, ही आपल्या जिल्ह्याची दौलत आहे. त्या भिंतींवर खडूची रेघसुद्धा नको. तिथे सजवायचं नसतं, राखायचं असतं. गल्लीतल्या एखाद्या जुन्या बारवेलाही हाच नियम लावा. गाळ काढा, झाडू मारा, पण चुना-गेरूचा डबा घरीच ठेवा.

आणि हो, खर्च विचाराल तर नऊजणींचा मिळून एका साडीच्या फॉलएवढासुद्धा आला नाही. वेळ मात्र लागतो. घरचे म्हणतात, “रिकामे उद्योग!” म्हणू द्या. तास-दोन तास मालिका बघितल्या तर कुणी तसं म्हणत नाही.

आता जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावांत मी बैठकांना जाते, तेव्हा आधी गल्लीत एक चक्कर मारते आणि बायकांना विचारते, “इथली सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू कोणती?” कुठे बसथांब्याचं बाकडं निघतं, कुठे अंगणवाडीच्या दारातली पाण्याची टाकी, कुठे स्मशानाच्या वाटेवरचा नळ. एका ठिकाणी एक मुलगी म्हणाली, “आमच्या गल्लीतली ती एकटी राहणारी काकू.” सगळ्या एकदम तिच्याकडे बघायला लागल्या. मग पुढची बैठक त्या काकूंच्याच ओसरीवर ठरली.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या सणाला दारातली रांगोळी नेहमीसारखी काढाच. फक्त चिमूटभर रांगोळी डब्यात शिल्लक ठेवा आणि चार पावलं पुढे जाऊन बसा. सोबत कुणाला घ्यायचं, हेही नीट ठरवा. जिचा डबा माळ्यावर गेला आहे, तिला आधी हाक मारा.